पहिलाच झाडबेडूक पाळायचाय. भुसावळच्या उन्हात जमेल का?

तापीकाठ · २ एप्रिल

नमस्कार मंडळी. मी भुसावळची. हे रेल्वेत आहेत, मी घरी शिकवण्या घेते, मुलगी सातवीत. गेल्या श्रावणात आमच्या मोरीत एक बेडूक राहायला आला होता. दिवसभर गिझरच्या पाइपामागे भिंतीला चिकटून बसायचा, हातपाय पोटाखाली असे आवळून घ्यायचा की चुन्याचा पोपडा सुटलाय असंच वाटावं. रात्री नऊच्या पुढे हलायला लागायचा. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, फरशीवर पाऊल टाकलं की ती बोटं एकेक करून पसरायची. लेक स्टुलावर बसून तासन्‌तास बघायची. दिवाळीच्या सुमारास तो गेला तो गेलाच.

तेव्हापासून तिला स्वतःचा झाडबेडूक हवाय. व्हिडिओत ते हिरवेगार, गुबगुबीत बेडूक असतात ना, तसला. जूनमध्ये वाढदिवस आहे. माझं म्हणणं एकच, आणायचा तर तो जगला पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे इथल्यांना सांगायला नको. सासूबाई म्हणतात, बेडूक आला की त्याच्या मागे साप येतो. कोणता घ्यावा, कुठून घ्यावा, पेटी कशी करावी, आणि मुळात घ्यावा का, मोकळेपणाने सांगा.

सातपुडा_वाटा · २ एप्रिल

ताई, तुमचा पाहुणा बहुतेक आपला साधा वृक्षबेडूक, पॉलिपिडेटिस मॅक्युलेटस. त्याचं एक इंग्रजी नाव चुनाम ट्री फ्रॉग असं आहे, चुन्याच्या भिंतींना चिकटतो म्हणून. तुम्ही चुन्याचा पोपडा म्हणालात, नाव देणाऱ्यालाही तेच दिसलं असणार. मादी सात-आठ सेंटिमीटर भरते, नर बराच लहान. मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके असतात, पाय लांब केला तरच दिसतात. रंगही एकसारखा राहत नाही, सकाळी फिका खडूसारखा, रात्री गडद तपकिरी.

मी चोपडा-यावल पट्ट्यात साप सोडवायचं काम करतो, त्यामुळे मोऱ्या आणि न्हाण्या पुष्कळ पाहिल्यात. पहिली विनंती ही की पुढच्या पावसाळ्यात तो परत आला तर त्याला बरणीत घालू नका. तो रानातला जीव आहे, वन्यजीव आहे, पाळीव नाही. कोंडला की काचेवर उड्या मारून नाक सोलून घेतो, अन्न सोडतो, आणि अंगातले जंत त्या ताणात उसळतात. मोरीत तो स्वतःच्या मर्जीने राहिला होता, ते सगळ्यात चांगलं.

सासूबाईंचं बोलणं अगदीच खोटं नाही. दिवड बेडूक आणि मासे खाऊन जगते, धामणही बेडूक खाते. पण साप येतो तो अंगणातल्या ओलीला, अडगळीला आणि उंदरांना. घरातल्या बंद काचपेटीतला एक बेडूक सापाला बोलावत नाही. त्यांना सांगा, दाराशी विटांचा ढीग नसला म्हणजे झालं.

जिभाऊ_पांझराकाठ · ३ एप्रिल

आमना घर बी शे एक. दर पावसायामा येस, मोरीमा बठस नि रातभर वरडस. त्याचा आवाज म्हणजे कोणी लाकडावर टकटक करतंय असा. नातू लहान असताना घाबरायचा, आता तो आला नाही तर विचारतो.

पोरी, एक मनातलं सांगतो. माझ्या लहानपणी पाऊस लांबला की गावात धोंडी काढायचे. कडुनिंबाचा पाला गुंडाळायचा, मुसळाला बेडूक उलटा बांधायचा आणि घरोघर फिरून त्यावर पाणी ओतून घ्यायचं. आम्ही पोरं नाचायचो. संध्याकाळपर्यंत तो बेडूक बहुधा मरून जायचा आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आज वाटतं. तुझी पोर रात्री स्टुलावर बसून त्याच्याकडे बघते हे वाचून फार बरं वाटलं.

काचपेटी · ३ एप्रिल

मी मूळचा अमळनेरचा, आता पुण्यात असतो. सहा वर्षांपासून माझ्याकडे दोन ऑस्ट्रेलियन हिरवे बेडूक आहेत, व्हाइट्स ट्री फ्रॉग. तुमच्या लेकीने व्हिडिओत पाहिलेले गुबगुबीत तेच. १७९० मध्ये जॉन व्हाइट नावाच्या शल्यचिकित्सकाने त्याचं पहिलं वर्णन केलं. दारूत ठेवलेल्या नमुन्याचा हिरवा रंग जाऊन तो निळा पडला होता, म्हणून शास्त्रीय नावात आजही 'निळा' असा शब्द आहे, सेरुलिया. पहिल्यांदाच पाळणाऱ्याला मी हाच सुचवीन. तो शांत असतो, माणसाला लवकर सरावतो, थोडा कोरडेपणाही सोसतो. वाढून दहा सेंटिमीटरच्या आसपास होतो. आणि हे नीट ऐका, पंधरा वर्षं सहज जगतो, काही त्याहून जास्त. लेक सातवीत आहे. ती शिकायला बाहेर जाईल, कदाचित लग्न होऊन जाईल, तेव्हाही तो तुमच्या घरात असेल. त्याचं बघणार तुम्हीच.

दुसरा मोहात पाडणारा म्हणजे लाल डोळ्यांचा. तो पहिला बेडूक म्हणून घेऊ नका. नाजूक आहे, हाताळणं सोसत नाही, ओलावा कमी-जास्त झाला की बिघडतो. शिवाय कागदपत्रं. २०१० पासून तो साइटीसच्या, म्हणजे वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. आपला वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यातल्या कलम ४९-एम प्रमाणे अशा यादीतला जिवंत परदेशी प्राणी जवळ असेल तर नोंदणी करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते, पिल्लं झाली किंवा प्राणी दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. हिरवा ऑस्ट्रेलियन त्या यादीत नाही, पण याद्या बदलतात, घ्यायच्या दिवशी पुन्हा पाहा. आणि ऑस्ट्रेलिया आपले जंगली प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून 'थेट तिकडून आणलाय' असं सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. इथेच, कोणाच्या तरी पेटीत जन्मलेलं पिल्लू, आई-बाप डोळ्यांनी पाहून, लेखी पावती घेऊन घ्या.

पेटी आडवी नको, उभी हवी. तो जमिनीवर नाही, वर राहतो. एक-दोन बेडकांना ४५ बाय ४५ आणि उंची ६० सेंटिमीटर. वरून जाळी, समोर दार. तळाला धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. बारीक खडी अजिबात नको, किडा पकडताना तोंडात जाते आणि पोटात अडकते. एक जाड तिरकी फांदी, मनी प्लांट, पसरट पाण्याची वाटी. मनी प्लांट नर्सरीतून आणला तर कुंडीतली माती झटकून मुळं धुवा आणि महिनाभर तसाच बाहेर ठेवा, फवारणी झालेली असते.

तापमान दिवसा २४ ते २९, रात्री थोडं उतरलं तर चांगलंच. ३२ च्या वर गेलं की मला झोप लागत नाही. भुसावळचं अवघड तिथेच आहे, त्याबद्दल इथल्या माणसांनीच बोलावं.

धुळेकर_मास्तर · ४ एप्रिल

मी बोलतो, कारण मी चुकलोय.

चार वर्षांपूर्वी एक हिरवा बेडूक आणला होता. पेटी हॉलमध्ये खिडकीशी ठेवली, उजेड छान यायचा म्हणून. सकाळी नऊला ऊन फक्त वीस मिनिटं काचेवर यायचं. एप्रिलच्या शेवटी शनिवारची सकाळची शाळा, वीज गेलेली, घरात कोणी नाही. दुपारी बाराला आलो तर तो पाण्याच्या वाटीत पडला होता, मागचे पाय सरळ, मांड्यांची आतली बाजू लालसर. काच म्हणजे भट्टी असते, हे मी भौतिकशास्त्राच्या तासाला मुलांना शिकवतो. वाटीतलं पाणीसुद्धा कोमट झालं होतं.

त्यानंतर मी पुन्हा आणला नाही. ताई, तुम्हाला नको म्हणत नाहीये. एवढंच सांगतो की आधी रिकामी पेटी एक उन्हाळा चालवून बघा. कमाल-किमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर आत ठेवा आणि रोज वहीत लिहा. जूनचा वाढदिवस जाऊ द्या. पेटी भेट द्या, बेडूक नंतर.

तापीकाठ · ४ एप्रिल

सर, तुमचं वाचून लेकीला दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, आधी वही करू. वही झालीसुद्धा, वर वेष्टण घालून.

काचवाल्याकडे विचारलं, पाच मिलिमीटर काच आणि सिलिकॉन मिळून अडीच हजारांत पेटी करून देतो म्हणाला. घेऊ का?

काचपेटी · ४ एप्रिल

घ्या, पण सिलिकॉनच्या नळीवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशी मारणारं औषध असतं, ते बेडकाच्या कातडीतून आत जातं. मत्स्यपेटीचं वेगळं मिळतं, तेच लावायला सांगा. लावल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवायची.

कातडीचं एवढं का म्हणतो, तर बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालची आणि मांड्यांजवळची कातडी पाण्याला लावून बसतो आणि शोषून घेतो. श्वासही काही प्रमाणात कातडीतूनच. म्हणजे त्याच्या पेटीत जे जे पडेल ते त्याच्या रक्तात जातं. हातावरचा साबण, सॅनिटायझर, उदबत्तीचा धूर, डासांची कॉइल, सगळं.

केळीचं_पान · ५ एप्रिल

रावेरहून. पाण्याचं मी सांगतो, कारण हे पुण्याच्या माणसाला कळणार नाही.

आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, आणि येतं तेव्हा कधीकधी नाकाला झोंबतं. गावात साथ आली की ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर जरा सढळ हाताने टाकतो. माणसाच्या पोटासाठी ते बरोबरच आहे. पण ते पाणी त्याच दिवशी बेडकाच्या वाटीत टाकलं तर तो गेलाच. पसरट घमेल्यात काढून, उघडं, निदान चोवीस तास ठेवायचं, मध्ये दोन-तीनदा ढवळायचं. क्लोरीन उडून जातं. काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही, त्यासाठी मत्स्यपेटीवाल्यांकडे थेंबांची बाटली मिळते. तांब्याच्या हंड्यातलं पाणी नको. आपल्याला ते चांगलं, त्याला तांबं विष.

दुसरं म्हणजे शेतातले नाकतोडे. मुलं हौसेने पकडून आणतात. आमच्या केळीवर, शेजारच्या कपाशीवर काय काय फवारलेलं असतं ते मला ठाऊक आहे. तो किडा मरत नाही, पण त्याच्या पोटात ते असतंच. घरातलं झुरळही नको, कोणाच्या घरची जेल चाटून आलंय कोण जाणे.

तापीकाठ · ५ एप्रिल

मग खायला काय घालायचं हो? मी तर नाकतोड्यांवरच विसंबून होते.

काचपेटी · ५ एप्रिल

रातकिडे घरीच वाढवायचे. झाकणाला जाळी लावलेला प्लास्टिकचा टब, आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे करून, एका डब्यात ओलं कोकोपीट. त्यात माद्या अंडी घालतात. दहा-बारा दिवसांत मोहरीएवढी पिल्लं दिसतात. खायला गाजर, भोपळ्याची साल, थोडी डाळीची चुरी. जे रातकिड्याच्या पोटात तेच शेवटी बेडकाच्या पोटात. यात मात्र खान्देशाचं हवामान तुमच्या बाजूचं आहे, त्यांना ऊब लागते. पुण्यात थंडीत माझे वाढत नाहीत.

बेडकाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही. पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. किडे पिशवीत घालून वर कॅल्शियमची पूड टाकून हलवायचे, आठवड्यातून एकदा डी-३ जीवनसत्त्व असलेली. ती पूड चुकली की हाडं मऊ पडतात, जबडा लोंबतो, आणि एकदा झालेलं ते सरळ होत नाही. उलट, जास्त खाऊ घातलं तर या जातीला चरबी चढते, डोळ्यांवरची कातडी खाली लोंबून डोळे झाकले जातात. लोकांना ते गोड दिसतं. तो आजार आहे.

सातपुडा_वाटा · ६ एप्रिल

एक शब्द सगळ्यांसाठी. कंटाळा आला, परवडेना, बदली झाली, म्हणून परदेशी बेडूक तापीत किंवा सुकी नदीत सोडायचा नाही. कधीच नाही. त्याच्या अंगावर कायट्रिड नावाची बुरशी असू शकते. वरून धडधाकट दिसेल, पण त्या बुरशीने जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत, आणि ती पसरायला प्राण्यांचा व्यापार मोठं कारण ठरला. पेटीतलं वापरलेलं पाणी, जुनं कोकोपीटसुद्धा ओढ्यात ओतू नका. पाण्यात ब्लीच टाकून ते शौचकुपात ओता, कोकोपीट उन्हात खडखडीत वाळवून मग फेका.

परदेशी कशाला, आपलाच बेडूक बघा. मुख्य भूमीवरचा आपला मोठा पिवळा बेडूक, पहिल्या पावसात डबक्यांत ओरडतो तो, अंदमानात पोचला आणि आता तिथले सरडे, मासे, बेडूक खातोय. इथे तो आपला, तिथे उपद्रव.

तापीकाठ · १९ मे

वही घेऊन आले आहे.

पेटी तयार झाली, आत कोकोपीट, फांदी, मनी प्लांट, पाण्याची वाटी. बेडूक नाही. हॉलमध्ये, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवली होती. पहिल्या आठवड्यात आतली कमाल ३९.५. पंखा लावून ३९. लेकीने लाल पेनाने लिहिलं.

मग यावल तालुक्यातलं आमचं सासरचं जुनं घर आठवलं. धाब्याचं आहे, भिंती हातभर जाड. तिथली मधली खोली दुपारीही अंधारी आणि गार असते. पण तिथे आम्ही राहत नाही. म्हणून इथेच त्या खोलीची नक्कल केली. आमच्या घरातही एक आतली खोली आहे, धान्य ठेवतो ती, तिला बाहेरची भिंत नाही. पेटी तिथे हलवली. दारात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, समोरची झडप थोडी उघडी. आतली कमाल ३०. ओलावा ६० च्या आसपास.

वीज गेली त्या दिवशी तीन तासांत ३४ वर गेलं. दुसऱ्या वेळी आम्ही तयार होतो. बर्फाच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून जाळीवर, आणि पेटीच्या तीन बाजूंना ओलं गोणपाट. ३१ वर थांबलं. आता फ्रीजरमध्ये भाजीच्या आधी बाटल्यांना जागा असते.

सासूबाईंनी परवा स्वतःहून गोणपाट भिजवलं. रिकाम्या पेटीसाठी.

धुळेकर_मास्तर · १९ मे

ताई, आकडे वाचून समाधान झालं. एक लक्षात ठेवा, कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. पहिल्या पावसानंतर जूनमध्ये हवेत ओल भरली की तोच कूलर गार करणं सोडून देतो आणि पेटीत नुसता दमटपणा साचतो. तेव्हा कूलर बंद, खिडकी उघडी, पंखा सुरू. काचेवर सकाळी दहानंतरही पाण्याचे थेंब दिसले तर वारा कमी पडतोय असं समजा.

जिभाऊ_पांझराकाठ · २० मे

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तापीकाठ · १६ जून

वाढदिवस झाला. पेटीला रिबीन लावून दिली. लेकीच्या मैत्रिणी म्हणाल्या, यात तर काहीच नाही. ती म्हणाली, यात ३१ आहे.

केळीचं_पान · ८ जुलै

तुमच्या धाग्यामुळे मी आता टाक्याच्या भिंतीकडे बघत जातो. आमच्या केळीच्या ठिबकचं सिमेंटचं टाकं आहे. काल पहाटे पाच वाजता मोटार सुरू करायला गेलो तर पाण्याच्या हातभर वर, भिंतीला पांढरा फेसाचा गोळा. कोणीतरी दाढीचा साबण फासलाय असा. जवळ टॉर्च नेली तर मादी अजून त्यावर बसून मागच्या पायांनी तो फेस घुसळत होती, एक पाय आत, एक पाय बाहेर, ताक घुसळावं तसं. पाठीवर नर. मी आलो तरी थांबली नाही. उजाडेपर्यंत फेसावर वरून साय धरली होती.

मोटार तासभर उशिरा लावली. टाक्यातलं पाणी आता त्या खुणेच्या खूप खाली जाऊ देणार नाही.

सातपुडा_वाटा · ८ जुलै

दादा, हात लावू नका, पाणी उडू देऊ नका. वरची साय आतली ओल राखते. काही दिवसांत आत पिल्लं वळवळायला लागतील, फेस खालून पातळ होईल आणि ती थेट टाक्यात पडतील. म्हणूनच ती पाण्याच्या वर जागा निवडते, मासे-बिसे अंड्यांपर्यंत पोचत नाहीत. शेपूट जाऊन बाहेर यायला साधारण दोन महिने. टाक्याच्या कडेला एक फळी तिरकी टाकून ठेवा, चढायला सोपं जाईल. आणि तेवढे दिवस ठिबकचं खत त्या टाक्यात कालवू नका.

केळीचं_पान · २४ जुलै

पडली. शेकड्याने आहेत. खताची वेगळी टाकी लावली. आई रोज बघून येते.

तापीकाठ · २ सप्टेंबर

आमच्या मोरीतला यंदाही आला. की दुसराच कोणी, कोण जाणे. पाइपामागे तीच जागा. लेक म्हणते, याला राहू दे इथे, हा त्याच्या घरी आहे. फिनेल बंद केलंय, मोरी गरम पाण्याने आणि ब्रशने धुते.

काचपेटी दादा, तुम्ही म्हणाला होतात की तुमच्याकडे पिल्लं झालीत?

काचपेटी · २ सप्टेंबर

झालीत. तीन महिन्यांची आहेत, चार सेंटिमीटर. दिवाळीला अमळनेरला येणार आहे, तेव्हा स्वतः घेऊन येतो, कुरियरने जिवंत प्राणी मी पाठवत नाही. पैसे नकोत, कागदावर सगळं लिहून देईन, कधी जन्मला, आई-बाप कोणते, माझ्याकडे ते कुठून आले.

पण आता थंडीची तयारी करा. सगळ्यांनी उन्हाचीच धास्ती घेतलीय. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, धुळ्याचं तर विचारूच नका. पेटीच्या एका बाजूला बाहेरून हीटमॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची पट्टी, ठरलेल्या तापमानाला ती बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटसकट. थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. तळाखाली लावू नका, बेडूक गारव्यासाठी खालीच जातो आणि भाजतो.

पहिला महिनाभर कोकोपीट काढून नुसते ओले कागदी टॉवेल. विष्ठा दिसते, खाल्लेलं न खाल्लेलं कळतं. आणि आजारी पडला तर कुठे न्यायचं ते आत्ताच ठरवा. जवळच्या पशुवैद्यांना फोन करून विचारा, बेडूक पाहतील का. बहुतेक जण गाई-म्हशी आणि कुत्री पाहतात. मी मुंबईला, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेला होता. अंतर धरून चाला.

तापीकाठ · ४ सप्टेंबर

तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी प्रामाणिकपणे नाही सांगितलं. जळगावच्या एका डॉक्टरबाईंनी, मी कधी पाहिला नाही पण विचारून, वाचून करीन, आणा म्हणाल्या. मला ते उत्तर आवडलं. नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहिलाय.

शेजारच्या काकू म्हणाल्या, हाताला चामखीळ येतील पोरीच्या.

सातपुडा_वाटा · ४ सप्टेंबर

चामखीळ विषाणूने येते, माणसाकडून माणसाला. बेडकाचा त्यात काही दोष नाही. मात्र हात लावल्यानंतर साबणाने धुवायचेच, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हात लावायच्या आधी साबण न लावता नुसत्या साध्या पाण्याने, आणि ओले असतानाच धरायचं. आणि धरायची गरज क्वचितच असते. तुमच्या लेकीला बघायची सवय आहे, ती मोठी जमेची बाजू.

तापीकाठ · नोव्हेंबर ९

आला! काल संध्याकाळी दादा स्वतः भुसावळला येऊन देऊन गेले. भोकं पाडलेल्या डब्यात, ओल्या टिश्यूत. सासूबाईंनी त्यांना फराळाचं ताट केलं.

पेटीत सोडल्यावर बराच वेळ डब्याच्या काठावरच बसून राहिला. मग एक हात काचेवर टेकवला, बोटं पसरली. आतून बघताना त्या चकत्या गुलाबी दिसतात.

पण आज खाल्लं नाही. रातकिडा समोरून गेला, डोळेसुद्धा हलले नाहीत. कोपऱ्यात वर, पानामागे बसलाय. रंग तपकिरी पडलाय. लेक रडकुंडीला आलीय. काय करू?

काचपेटी · ९ नोव्हेंबर

काही करू नका. प्रवास झालाय, वास नवा, आवाज नवे. तपकिरी रंग त्याचाच. चार-पाच दिवस खाणार नाही कदाचित. उरलेला रातकिडा रात्री आत ठेवू नका, झोपलेल्या बेडकाला चावतो. पेटीच्या तीन बाजूंना कागद लावा, उजेड कमी करा, पाणी रोज बदला. वर बसलाय, पाय आवळून घेतलेत, हे चांगलं लक्षण. खाली सपाट पसरून पडला, उलटा केला तर सरळ होईना, मांड्या लाल दिसल्या, तर लगेच फोन करा, रात्री कितीही वाजता.

धुळेकर_मास्तर · १० नोव्हेंबर

बेटा, तुला सांगतो. पेटीसमोर जाऊ नकोस असं नाही म्हणत. मोरीतल्यासारखी स्टुलावर बस, लांबून, दिवा बारीक करून.

तापीकाठ · १३ नोव्हेंबर

आज तिनेच लिहायला सांगितलंय, मी फक्त टाइप करतेय.

रात्री नऊ वाजून वीस मिनिटं. आतलं तापमान २५. तो फांदीवर खाली उतरला. रातकिड्याकडे मान वळवली, पुढचे दोन पाय सरकवले, थांबला. परत सरकला. मग झेप. तोंडात किड्याचे दोन पाय बाहेर राहिले होते, ते त्याने हाताने आत ढकलले. गिळताना दोन्ही डोळे मिटून खोल आत गेले, डोकं एकदम सपाट झालं. ती घाबरली. मी तिला सांगितलं की डोळे आतून घास खाली ढकलतात, काचपेटी दादांनी काल फोनवर सांगितलेलं. मग डोळे परत वर आले आणि तो हिरवा व्हायला लागला.

दुसराही खाल्ला. तिसरा दिला नाही.